आबांची झोप आणि सहा अँपांचा डबा

आमच्या घरात सगळ्यांत जास्त जपली जाणारी गोष्ट म्हणजे वडिलांची झोप. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबा एका खासगी ट्रॅव्हल्सच्या लक्झरी बसवर ड्रायव्हर होते. रात्री दहाला धुळ्याहून गाडी काढायची, नाशिकला ती दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची आणि तिकडून आलेली गाडी घेऊन पहाटे परत धुळ्याला यायचं. सकाळी घरी आले की आंघोळ, चहा, भाकरी, आणि आठ-साडेआठपासून चार वाजेपर्यंत झोप. आठवड्यातून सहा दिवस असंच.

देवपूरमधलं आमचं घर दोन खोल्यांचं. दोन्हींच्या मध्ये दार नव्हतं, पडदा होता. आबा आतल्या खोलीत झोपायचे. आई दुपारचा कुकर शेजारच्या काकूंच्या गॅसवर लावायची, कारण शिट्टी. बाहेरच्या दाराच्या कडीला तिनं जुन्या पातळाची चिंधी गुंडाळली होती. गल्लीत भंगारवाला आला, की तो ओरडायच्या आत ती पायात चप्पल न घालता धावत जायची आणि दोन्ही हात जोडून त्याला पुढे घालवायची. मी आणि माझा धाकटा भाऊ लहानपणी कुजबुजत भांडायला शिकलो. अशा घरात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवायला घेतली, हे आज सांगतानाही मला थोडं विचित्र वाटतं.

गिटार जळगावच्या मामाची. लग्नाआधी तो तिकडच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. पुढे नोकरी लागली, मुलं झाली, वाजवणं सुटलं. मी कॉलेजच्या गॅदरिंगला कुणाची तरी साधी गिटार घेऊन दोन गाणी वाजवली. ते ऐकून मामानं आपली गिटार आणि अँप, दोन्ही बसच्या टपावर टाकून आमच्याकडे पोचवलं. अँप म्हणजे लाकडी पेटीतला स्पीकर आणि त्याच्या डोक्यावरची बटणं, आमच्या कपड्यांच्या ट्रंकेएवढा. त्याशिवाय इलेक्ट्रिक गिटारला आवाजच नाही. नुसती वाजवली तर तारांची टिकटिक ऐकू येते, बस.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शेवटच्या वर्षाला होते. आमच्या वस्तीतली गायन पार्टी दर वर्षी जयंतीला मैदानावर भीमगीतांचा कार्यक्रम करायची. तिचे प्रमुख एक प्राथमिक शिक्षक होते, सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांचा गिटारवाला त्या वर्षी नोकरीसाठी सुरतला निघून गेला. मार्चमध्ये नाना आमच्या दारात आले आणि उभ्या उभ्याच मला म्हणाले, "पोरी, चौदा गाणी आहेत. महिना आहे. जमेल का?"

मी हो म्हटलं. आई पडद्याआडून बघत होती. नाना गेल्यावर ती म्हणाली, "आणि वाजवशील कधी?"

प्रश्न बरोबर होता. सकाळी साडेअकरापर्यंत माझं कॉलेज. संध्याकाळी पाच ते आठ त्याच बाहेरच्या खोलीत मी चौथी-पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. समाजमंदिरात दिवसा बालवाडी आणि संध्याकाळी अभ्यासिका, त्यामुळे तिथं तालीम फक्त रविवारी. उरली ती दुपार, म्हणजे नेमकी आबांच्या झोपेची वेळ.

उपाय मला कूलरनं दिला. एप्रिल लागायच्या आधीच धुळ्यात ऊन असं पेटलं, की आबांच्या खोलीतला पत्र्याचा कूलर दिवसभर चालू राहायचा. त्याची घरघर एवढी, की पडद्याअलीकडे बोललेलं पलीकडे कळत नसे. मी अँपचा आवाज अगदी खालच्या काट्यावर ठेवून त्या घरघरीच्या आड वाजवायला लागले. आईनं दोन दिवस पडद्यापाशी उभं राहून कानोसा घेतला. आबा हललेसुद्धा नाहीत. मग तीही गप्प बसली.

आठवडाभर नीट चाललं. मग एका दुपारी मी एका गाण्याच्या मधला तुकडा घोटत बसले होते. त्यात एक तार बोटानं वर ताणून धरायची होती, स्वर चढत चढत जाऊन वर थांबायला हवा होता. तो काही केल्या थांबत नव्हता. नीट ऐकू यावा म्हणून मी बटण थोडं पुढे सरकवलं, मग आणखी थोडं. डोळे मिटले. तार ताणली. आणि त्याच क्षणी आतल्या कूलरचा पंखा कशात तरी अडकून थांबला.

माझा स्वर सगळ्या घरभर झाला. मी डोळे उघडले तेव्हा आबा पडद्यात उभे होते, बनियनवर, डोळे लाल. घड्याळात साडेबारा वाजले होते. ते कूलरपाशी गेले, पंखा सोडवला, परत आडवे झाले. पण मला पडद्याच्या फटीतून दिसत होतं. ते छताकडे बघत पडून होते. चार वाजता उठले तेव्हाही त्यांचा चेहरा तसाच होता. रात्री ते निघताना आईनं विचारलं, "आज सुट्टी टाकता का?" ते म्हणाले, "लग्नसराई आहे. बदली कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा वेळेवर आले नाहीत. आठ वाजले, साडेआठ वाजले. आई तीनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. मी कॉलेजला गेले नाही. नऊ वाजून गेल्यावर ते आले आणि बूट न काढता खाटेवर बसले. आबा घरात बूट घालून आल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"काय व्हयनं?" आईनं विचारलं.

"काही नही." मग बुटांकडे बघत ते म्हणाले, "चांदवडना घाटमा डोया लागना."

घाटात डोळा लागला. आबा बाहेर शुद्ध बोलत, पण दमले की त्यांची अहिराणी वर यायची. तुकड्यातुकड्यांनी त्यांनी सांगितलं. परतीच्या गाडीत चाळीस माणसं होती, सगळी झोपलेली. डोळा किती वेळ लागला हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. डावीकडची चाकं रस्ता सोडून खडीवर गेली, त्या आवाजानं ते जागे झाले. कठडा हातभर अंतरावर होता. त्यांनी गाडी सावरली, पुढे सपाटीवर घेतली, थांबवली आणि चाकं तपासायच्या निमित्तानं खाली उतरून बराच वेळ उभे राहिले. एकाही प्रवाशाला जाग आली नाही.

"झोप व्हयेल नव्हती," एवढंच ते शेवटी म्हणाले. माझ्याकडे बघून नाही. दोष द्यायच्या सुरातही नाही. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

ते झोपल्यावर आईनं मला मागच्या मोरीपाशी नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "गिटार मामाकडे परत पाठव. आजच चिठ्ठी लिही."

मी अँप चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. चिठ्ठी मात्र परत पाठवण्याची लिहिली नाही. जे झालं ते सगळं मामाला लिहिलं आणि शेवटी विचारलं, की कुणालाही ऐकू न जाता ही गिटार वाजवायचा काही मार्ग आहे का.

उत्तर येईपर्यंत मी गिटार अँपशिवाय, नुसती वाजवत राहिले. पडद्यापासून लांब, मोरीच्या दाराशी बसून. टिकटिक मलाच ऐकू येत नसे, म्हणून मी तारांवर जोर काढायचे. रविवारी समाजमंदिरात तिथल्या मोठ्या अँपला गिटार जोडली आणि पहिल्याच गाण्यात नानांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आठवडाभरात माझा हात बिघडला होता. प्रत्येक स्वर आदळत होता. ज्या तारा मी वाजवत नव्हते त्याही मागे गुणगुणत होत्या, कारण त्या दाबून गप्प ठेवायच्या असतात हे नुसत्या गिटारवर कळतच नाही.

"तू तारा वाजवत नाहीस, झोडपतेस," नाना म्हणाले. "काय झालं? मागच्या रविवारी बरं होतं."

मी कारण सांगितलं नाही. घाटातली गोष्ट बाहेर गेली तर आबांची नोकरी जाईल, असं आईनं बजावलं होतं.

"पुढच्या रविवारपर्यंत बघतो," नाना म्हणाले. "नाहीतर पारोळ्याचा एक जण आहे, त्याला निरोप द्यावा लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस. लोकांसमोर उभं राहायचंय."

सोमवारी मी आग्रा रोडच्या मागच्या बोळातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे अँप घेऊन गेले. भावानं सायकलच्या कॅरिअरवर धरून आणला. दुरुस्तीवाल्यानं तासाभरात मागे एक भोक पाडून हेडफोन जोडायची सोय करून दिली. "आता स्पीकर बंद, सगळा आवाज कानात," तो म्हणाला. मी तिथंच वाजवून पाहिलं. कानात जणू कुणी पत्रा फाडत होतं. सगळं धारदार, कोरडं, गाण्याशी काही नातं नसलेलं. त्याचा दोष नव्हता. अँपचा आवाज निम्मा त्या स्पीकरचा आणि लाकडी पेटीचा असतो. तो वगळून नुसती तार कानाला जोडली तर उरतं ते हेच. पण हे मला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, आता सगळं संपलं.

मंगळवारी शेजारच्या काकूंच्या फोनवर मामाचा फोन आला. जळगावात वाद्यांच्या दुकानात नवी चीज आली होती. छोटा डबा, त्यात गिटार जोडायची, हेडफोन लावायचे, आणि तो मोठ्या अँपची, पेटीसकट, नक्कल करतो. "दोन तऱ्हेचे आहेत. तू स्वतः येऊन वाजवून बघ," मामा म्हणाला. "माझा अँप दुकानदार बदल्यात घ्यायला तयार आहे. उरलेल्या पैशांचं मी आणि तू मिळून बघू."

आज अशा डब्याला अँप मॉडेलर म्हणतात आणि पोरं फोनवरसुद्धा ते काम करतात. तेव्हा आम्हाला नाव माहीत नव्हतं. मामा त्याला प्रोसेसर म्हणायचा, आई शेवटपर्यंत डबा म्हणाली.

मी गुरुवारी जायचं ठरवलं. गुरुवारी सकाळी आबा ड्यूटीवरून आले, आंघोळ केली, आणि झोपायचे कपडे घालायच्या ऐवजी शर्ट घालू लागले.

"कुठे?" आईनं विचारलं.

"हिच्यासोबत."

"आणि झोप?"

"मी ऐकल्याशिवाय ती वस्तू घरात यायची नाही," आबा म्हणाले. "एकदा झालं, पुरे झालं."

मी म्हणाले, "आबा, तुम्ही झोपा, मी नाही जात." खरंच म्हणत होते. त्या डब्यापायी ते पुन्हा न झोपता गाडीवर जाणार, ही कल्पनाच मला सहन होईना. पण ते चपला घालून बाहेर पडलेसुद्धा होते.

जळगावची बस भरलेली होती. मला खिडकी मिळाली, गिटार गुडघ्यांमध्ये उभी धरली. मला वाटलं होतं आबा बसमध्ये तरी झोपतील. पण ते दुसऱ्याच्या गाडीत झोपू शकत नव्हते. पुढचा ड्रायव्हर ओव्हरटेक करायला बाहेर निघाला की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. पारोळ्याला बस थांबली तेव्हा मी म्हणाले, "डोळे तरी मिटा." त्यांनी मिटले आणि एरंडोल यायच्या आत दहा वेळा उघडले. मी मनात सारखी वेळ मोजत होते. दहाची बस, साडेबाराला जळगाव, तीनला परत निघालं तर सहाला घरी, रात्री दहाला ड्यूटी. मध्ये झोप किती? हिशोब कसाही केला तरी तीन तासांच्या वर जात नव्हता.

मामा स्टँडवर आला होता. आबांना बघून तो चपापला. "दाजी, तुम्ही? तुमची तर झोपेची वेळ..."

"चल, दुकान दाखव," आबा म्हणाले.

दुकान लांबट, अरुंद होतं. पुढे तबले-हार्मोनियम, मागे एक बाक आणि पंखा. दुकानदारानं दोन डबे काउंटरवर ठेवले. एक चपटा, पट्ट्याला अडकवता येईल असा. दुसरा जेवणाच्या डब्याहून मोठा, जड, वर फिरवायची सात बटणं.

"यात सहा अँप आहेत," तो दुसऱ्यावर हात ठेवून म्हणाला.

"सहा?" आबा म्हणाले. "एवढ्याशात?"

"म्हणजे त्यांची नक्कल, भाऊ."

"म्हणजे डुप्लिकेट."

मामा हसला. आबा हसले नाहीत.

मी आधी चपटा जोडून हेडफोन लावले आणि तोच तुकडा वाजवला. आणि मी हरखूनच गेले. काय गोड आवाज! प्रत्येक स्वर लांबत होता, त्याच्यामागे मोठ्या सभागृहासारखा घुमारा. दोन आठवडे न जमलेला स्वर जणू आपोआप वर जाऊन थांबला. मी मामाला हेडफोन दिले. त्यानं दोन मिनिटं वाजवलं आणि त्याचा चेहरा वीस वर्षांनी तरुण झाला. "हाच घे," तो म्हणाला. "स्टेजवर लोक वेडे होतील."

मग मी दुसरा जोडला. तोच तुकडा, तीच बोटं. पण या डब्यानं काहीच झाकलं नाही. तार जरा जोरात मारली की आवाज खरखरून फाटायचा. नको असलेली तार वाजली की स्पष्ट ऐकू यायची. ताणलेला स्वर मध्येच लटकला, तो लटकलेलाच ऐकू आला. अगदी रविवारी समाजमंदिरात आला होता तसा. मला वाईट वाटलं आणि मी हेडफोन काढून ठेवले.

"पहिलाच," मी म्हणाले.

"थांब," आबा म्हणाले. ते दुकानदाराकडे वळले. "मला पाठ टेकायला जागा मिळेल?"

दुकानदार घाबरला. "चक्कर येतेय का, भाऊ? पाणी देऊ?"

"नाही. घरी मी आतल्या खोलीत झोपतो, ही बाहेर वाजवणार. तेवढ्या अंतरावर पडून बघतो."

दुकानदारानं मामाकडे बघितलं, मामानं माझ्याकडे. मग दुकानदारानं बाकावरचे ढोलकीचे खोके उचलले. आबा चपला काढून बाकावर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. "वाजव," ते म्हणाले. "पहिला."

मी वाजवलं. माझ्या कानात सभागृह घुमत होतं. अर्ध्या मिनिटात आबांचा हात वर झाला. हेडफोन काढले तेव्हा ते भिंतीकडे बघतच सांगत होते, "खटखट आयकू येस. कोणी खिळे ठोकी राहिना का वाटस."

खिळे ठोकल्यासारखं काय वाजतंय, मला आधी कळलंच नाही. मग मामानं वाकून माझा उजवा हात पाहिला. तारांचा स्वतःचा आवाज तर हेडफोनमध्ये जात नाही, तो खोलीतच राहतो. आणि मी तारा झोडपत होते. त्या चपट्या डब्यात हळू मारा की जोरात, आवाज सारखाच गोड यायचा. त्यामुळे हाताला आवर घालायचं काही कारणच नव्हतं.

"आता दुसरा," आबा म्हणाले.

दुसऱ्यावर मी जोर काढला तसा आवाज फाटला. मी हात हलका केला. आणखी हलका. तारा छेडायची पिकची चकती तारेवरून नुसती फिरवल्यासारखी. तेव्हा पहिल्यांदा त्या डब्यातून नितळ, गोल स्वर आला. मी आबांच्या हाताकडे बघत होते. हात वर झाला नाही. मी गाणं सुरुवातीपासून घेतलं. मधला तुकडा तीनदा चुकला, चौथ्यांदा बरा आला. हात वर झाला नाही. दुसरं गाणं घेतलं.

बऱ्याच वेळानं मामानं माझ्या खांद्याला हात लावला आणि बाकाकडे बोट दाखवलं. आबांचा हात बाकाखाली लोंबत होता. ते घोरत होते.

मी हेडफोनचा एक कान सरकवला. मग मामा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "थांबू नकोस." मला वाटतं त्याला भीती वाटली, की काही बदललं तर ते जागे होतील. मी वाजवत राहिले. दुकानदारानं पुढचं शटर अर्ध्यावर ओढलं. एक गिऱ्हाईक हार्मोनियम बघायला आलं, त्याला त्यानं हातानंच संध्याकाळी या म्हणून सांगितलं. चौदाच्या चौदा गाणी मी तिथं वाजवली, चुका ऐकत, हात आवरत. जेवढा हात हलका तेवढा स्वर चांगला, आणि तेवढीच खोली शांत. दीड तास झाला असेल. एवढ्या काळजीत आणि एवढं लक्ष देऊन मी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं.

आबा आपले आपणच उठले. क्षणभर कुठे आहोत हे त्यांना कळेना. मग घड्याळ बघून एकदम उभे राहिले. "मी झोपलो होतो?"

"घोरत होता, दाजी," मामा म्हणाला.

"आणि ही?"

"ही वाजवत होती."

आबांनी दुसऱ्या डब्याकडे बघितलं. मी म्हणाले, "हाच घेऊ या."

"पण आवाज तर पहिल्याचा चांगला म्हणालीस," मामा म्हणाला. "यात तर चुका उघड्या पडतात."

"पडू देत. नाहीतर नानांसमोर पडतील."

अँप मामाचा होता, त्याच्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांतला. तो बदल्यात द्यायचा म्हणजे त्यालाच कठीण होतं. त्यानं दुकानदाराला विचारलं, "अँप आणायला तुमची गाडी धुळ्याला जाते ना? हे म्हणतील तेव्हा न्या." आणि मग दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

परतीच्या बसमध्येही आबा झोपले नाहीत. घरी सहाला पोचलो. ते लगेच आडवे झाले, नऊला उठले, दहाला गेले. आई सकाळपर्यंत बाहेरच्या खोलीतच बसून राहिली. मीही. सकाळी सातला आबांच्या बुटांचा आवाज आला तेव्हा आम्ही दोघी एकदमच उठलो.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी पडद्याअलीकडे तो डबा लावून वाजवू लागले. आबा झोपायचे. पहिले दोन दिवस आई पडद्यापाशी बसून माझ्या उजव्या हाताकडे बघायची. हात उचलला गेला की डोळ्यांनीच दटावायची. रविवारी मी समाजमंदिरात डबा घेऊन गेले. नाना म्हणाले, "हे काय? यातून आवाज कुठून येणार?" मी तो सरळ मिक्सरला जोडला. पहिलं गाणं झालं. नानांनी वहीचं पान उलटून पुढच्या गाण्याचा ठेका मोजला. तालीम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "पण पारोळ्याच्या माणसाला मी शब्द देऊन बसलो. सात गाणी तो, सात तू. चालेल?"

चालण्यासारखं नव्हतं. मी हो म्हटलं.

कार्यक्रमाला मैदान भरलेलं होतं. पारोळ्याचा माणूस माझ्याहून सफाईदार वाजवत होता, हे पहिल्या गाण्यातच कळलं. माझ्या तिसऱ्या गाण्यात व्होल्टेज पडलं. मैदानातले दिवे पिवळे झाले, परत उजळले, आणि माझ्या डब्याचा लाल दिवा विझून पुन्हा लागला. पण लागला तो मूळच्या आवाजावर, कर्कश, माझ्या बटणांना न जुमानता. गायक अंतऱ्यावर होते. मधला तुकडा चार ओळींवर आला होता. मी खाली वाकून, अंधुक उजेडात, बोटांनी चाचपडत बटणं फिरवली. रोज फिरवून फिरवून हाताला पाठ झालेली. नानांनी हार्मोनियमवरून माझ्याकडे बघितलं. तुकडा आला तेव्हा एक बटण राहिलं होतं, ते तसंच सोडून मी वाजवलं. आवाज हवा त्यापेक्षा जरा रुक्ष होता. ताणलेला स्वर मात्र वर गेला आणि तिथं थांबला.

आई बायकांमध्ये तिसऱ्या ओळीत बसली होती. आबा गाडीवर गेले होते. परत येताना पांझरेच्या पुलावर ती म्हणाली, "घरी तू रोज वाजवतेस ते हेच होतं?"

"हेच."

"मला तर नुसती टिकटिक माहीत," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी आबा चार वाजता उठले. चहा पिऊन बाहेरच्या खोलीत आले आणि माझ्यासमोर वेताचा मोडा ओढून बसले. "सगळे ऐकून आले," ते म्हणाले. "मीच राहिलो."

घरात आता अँप नव्हता. आवाज बाहेर काढायला काहीच नव्हतं, आणि हेडफोन एकच. मी ते त्यांच्या डोक्यावर चढवले, कानांवर नीट बसवले. मग गिटार घेतली आणि वाजवू लागले. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त कोरड्या तारांची बारीक टिकटिक. सूर लागतोय की नाही, हे कळायला आबांच्या तोंडाकडे बघण्याशिवाय मार्ग नव्हता. आणि त्यांचा चेहरा गाडी चालवताना असतो तसा होता, समोर लागलेला, काही न सांगणारा. मधला तुकडा आला. मी तार ताणली, ती वर पोचली की नाही मला कळलं नाही. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या.

गाणं संपलं. आबांनी हेडफोन लगेच काढले नाहीत. मग दोन्ही हातांनी, जपून काढून मांडीवर ठेवले.

"एवढा मोठा आवाज," ते म्हणाले, "आणि मी पलीकडे झोपेल व्हतू."